सासूबाईंची वाकळ आणि डांबरगोळ्यांचा वास

पत्र थोडक्यात असं. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या, साठीला टेकलेल्या एका ताईंनी लिहिलं आहे. २०१९ च्या महापुरात त्यांच्या घराचा खालचा मजला बुडाला. कपाटं, फोटोंचे अल्बम, लग्नातला शालू, सगळं गाळात गेलं. माळ्यावरची पत्र्याची एक ट्रंक तेवढी वाचली. तिच्यात सासूबाईंनी पन्नासेक वर्षांपूर्वी हातानं शिवलेली वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, आहे आणि जरीच्या काठाची खणाची एक कुंची. आता मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी येणार आहे. सातवा सरलाय. बारशाला बाळाला पणजीच्या वाकळेवर ठेवायचं, अशी तिची हौस. ट्रंक उघडली तर डांबरगोळ्यांच्या वासानं ताईंचं डोकं भणभणलं. वाकळेवर मधोमध तपकिरी डाग आहेत, एका कोपऱ्यात हळदीचा डाग आहे, आणि काळे तुकडे विरून आतलं कापड दिसायला लागलंय. मुलगी म्हणते, मशीनला हँडवॉशवर लाव. शेजारीण म्हणते, ड्रायक्लीनला द्या. यजमान म्हणतात, गच्चीवर चार दिवस कडक ऊन दे. आणि नणंद म्हणते, "आईच्या हातची वस्तू आहे, पाण्यात घातलीस की संपली. काचेच्या चौकटीत घालून भिंतीला लावू." ताईंचा प्रश्न: "घरातली जुनी म्हणावी अशी ही एवढीच वस्तू उरलीय. माझ्या हातून खराब झाली तर? नक्की कशी धुवू?"

ताई,

चौघांनी चार उपाय सांगितले आणि पाचवा तुम्ही मला विचारताय. पण पाचही जणांनी एक गोष्ट धरून चाललीय, की भानगड डागांची आहे. तुमचं पत्र वाचताना मला डाग दिसायच्या आधी तो वास आला. डोकं भणभणलं असं लिहून तुम्ही पुढच्या ओळीत हळदीच्या डागाकडे वळलात. मी मात्र तिथंच थांबले, कारण तुमच्या घरी तान्हं बाळ यायचंय.

डांबरगोळी म्हणजे बहुधा नॅफ्थलीन. ती पाण्यात विरघळत नाही, ठेवल्या जागी वितळतही नाही, नुसती हवेत उडत राहते. म्हणून तर ट्रंकेतल्या गोळ्या वर्षभरात बारीक होत जातात. उडालेलं ते सगळं कापडात मुरतं, आणि वाकळेसारख्या जाड, थरांच्या वस्तूत तर फारच. मोठ्या माणसाचं बहुधा डोकं दुखण्यावर भागतं. पण काही बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळीत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळलं तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ जोरात वाढते. अंगाला तेल लावलेलं असेल तर त्वचेतून ते आणखी शोषलं जातं. आपल्याकडे बाळाला तेल लावल्याशिवाय दिवस उजाडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. जी६पीडी कमी आहे की नाही हे रक्त तपासून कळतं. मुलीच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. पण तपासणीची वाट न बघता त्या गोळ्या आजच घराबाहेर काढा. मुलगी आल्यावर ती ट्रंक तिच्या खोलीत नको, आणि "बघू गं, आजीचं काय काय आहे" म्हणत तिनं त्यात डोकंही घालायला नको. गोळ्यांऐवजी कापूर ठेवा म्हणणारंही कुणी भेटेल. तान्ह्या बाळाच्या आसपास कापूरही नको.

म्हणजे वाकळेतली सगळ्यात घातक गोष्ट मळ नाही, तर ती जपण्यासाठी कुणीतरी मोठ्या काळजीनं घातलेल्या त्या गोळ्या. आणि त्या धुऊन जात नाहीत. त्या जातात वाऱ्यानं.

तुमच्याजवळ दोन महिने आहेत आणि दिवस चांगले आहेत. पाऊस संपलाय, हवा कोरडी होत चाललीय. वाकळ वरच्या मजल्यावर, जिथं मुलीचा वावर नसेल अशा खोलीत, बाजेवर किंवा खाटेवर पसरा. खाली धुतलेली सुती चादर, वर पातळ दुसरी चादर, खिडक्या उघड्या, थेट ऊन नाही. एक दिवसाआड उलटा. पंधरा दिवसांनी नाक लावून बघा, वास असेल तर आणखी पंधरा दिवस. एक युक्ती सांगते: वाकळ रात्रभर घडी घालून ठेवा आणि सकाळी घडीच्या आत नाक घाला. वरवर गेलेला वास घडीत सापडतो. तो पूर्ण जाईपर्यंत बाळाचा आणि वाकळेचा संबंध नाही. बारशापर्यंत गेला नाही तर बारसं वाकळेशिवाय करा आणि ती उष्टावणाला काढा. पणजीची वाकळ सहा महिने थांबेल.

वारं लागेतो दुसरं काम करा. वाकळ नीट बघा. दिवसाउजेडी, चष्मा लावून, तळवा फिरवून. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे आणि प्रत्येक डागाचे फोटो काढा. सासूबाईंच्या हातचा धावदोरा कुठं उसवलाय, कुठं नुसता दोरा तुटलाय, कुठं कापडच गेलंय, हे तीन प्रकार वेगळे करून बघा. तुम्ही लिहिलंय की विरलेत ते सगळे काळेच तुकडे. ते चंद्रकळेचे, म्हणजे काळ्या लुगड्याचे असणार. बायकांना वाटतं उंदरानं कुरतडलं किंवा कसर लागली. तसं असतं तर शेजारचा हिरवा तुकडा का शाबूत राहिला? दोष काळ्या रंगाचा आहे. जुन्या पद्धतीत काळा रंग लोखंडाच्या क्षारावर बसवायचे, त्यानं सूत हळूहळू खाल्लं जातं. पुढं गंधकाचा काळा रंग आला. त्यात रंगवलेलं सुती कापड उबदार, दमट जागी पडून राहिलं की त्यात आपोआप आम्ल तयार होतं, आणि कापड बोटात धरलं तर पापडासारखं तुटतं. तुमचा पत्र्याखालचा माळा आणि सांगलीचा पावसाळा, दोन्ही त्याला पोषक. हे नीट समजून घ्या, कारण "माझ्या हातून खराब झाली तर" ही तुमची भीती याच तुकड्यांपाशी खरी ठरू शकते. ते आधीच गेलेले आहेत. हात लावला की दिसतील एवढंच.

बाकीच्या डागांचं म्हणाल तर तपकिरी, कडेला गडद आणि आत फिके असे डाग बहुतेक जुन्या ओलीचे असतात. पाणी कापडातून सरकत गेलं आणि जिथं वाळलं तिथं मळ सोडून गेलं. गंजाचे असतील तर ते ट्रंकेच्या कडीशी, कोपऱ्याशी जुळतील आणि रंग विटकरी असेल. गंजावर ब्लीच टाकाल तर डाग जायचा नाही, तिथलं कापड जाईल. लिंबू-मीठ, गंजाचे डाग काढायची पावडर, यांनी गंज सुटतो पण जुनं सूत कमजोर होतं. गंज तसाच राहू द्या.

आणि हळद. तुम्ही राहता त्या गावात हळदीचा डाग म्हणजे जवळजवळ रहिवासी दाखला. पूर्वी हरिपूरच्या पेवांतून, जमिनीखालच्या कोठारांतून, निघायची ती असो नाही तर पुड्यातली, तिचा गुण एकच: साबण किंवा सोडा लागला की पिवळी हळद कुंकवासारखी लाल होते. बायका घाबरून आणखी साबण घासतात. तुम्ही तिला साबण दाखवूच नका. उजेडात ती हळूहळू स्वतःहून फिकी होते. पण मला विचाराल तर त्या डागाबद्दल धुण्याआधी एक फोन करा. नणंदेला. वाकळ बाळंतिणीच्या खोलीतली असेल, कुणाच्या तरी हळदीच्या दिवशीची असेल. तो डाग तुम्हाला घाण वाटतोय आणि त्यांना कदाचित तो दिवस आठवेल. नणंदेचा विषय मी मागं ठेवलाय, त्याकडे येतेच.

आता पाणी.

आमच्या साताऱ्याकडे नवरात्र बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची चाल. संगम माहुलीच्या घाटावर वाकळा दगडावर आपटून, धोपाटण्यानं बडवून, दोघींनी दोन टोकांना धरून पिळलेल्या मी पाहिल्यात. त्या फाटत नव्हत्या, कारण तेव्हा त्या चारपाच वर्षांच्या असत, आणि फाटल्याच तर वरून आणखी एक लुगडं चढवून पुन्हा धावदोरा घालायचा, असा सरळ हिशोब होता. हे बघूनच मी लग्नानंतर माझ्या आजीची वाकळ धुवायला घेतली. ती होती चाळीस वर्षांची. मोठ्या टबात धुण्याची पावडर टाकून रात्रभर भिजत घातली. सकाळी दोन कोपऱ्यांना धरून उचलली आणि टर्रकन आवाज आला. एकदा नाही, ओळीनं तीनदा. पाणी प्यालेली वाकळ तिप्पट-चौपट जड होते, आणि ते सगळं वजन माझ्या दोन चिमटींत धरलेल्या जुन्या कापडावर आलं. मग बघते तर टबातलं पाणी लाल. वरून तर वाकळ निळी-पांढरी होती! आत कुठलं तरी लाल लुगडं आहे हे मला त्या दिवशी कळलं. पांढऱ्या पट्ट्या कायमच्या गुलाबी झाल्या. आणि एवढं करून ती आतून वाळायला तीन दिवस लागले. तिचा आंबूस वास शेवटपर्यंत गेला नाही. आजी बघून एवढंच म्हणाली, "भिजवायची घाई झाली व्हय?"

या तिन्ही चुका तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून सांगितलं. त्यातली मधली फार कमी लोक ध्यानात घेतात. साडी असो, शालू असो, तुम्हाला दिसतं तेवढंच कापड असतं. वाकळेत चार-पाच लुगडी, एखादं धोतर, एखादी चादर एकावर एक असते आणि प्रत्येकाचा रंग वेगळ्या काळातला, वेगळ्या कच्चेपणाचा. वरच्या कापडाचा रंग पक्का आहे म्हणून आतला पक्का असेल असं काही नाही. म्हणून तपासणी अशी करा. कापसाच्या बोळ्यानं एका रंगावर साध्या पाण्याचे दोन थेंब टाका, पाच मिनिटं मुरू द्या, मग पांढऱ्या सुती फडक्यानं किंवा टिपकागदानं दाबून धरा. फडक्यावर रंग आला तर वाकळ पाण्यात जाणार नाही, विषय संपला. आला नाही तर तेच साबणाच्या पाण्यानं करा. प्रत्येक रंगावर. शिवणीच्या दोऱ्यावर. आणि जिथं काळे तुकडे विरून आतलं कापड दिसतंय, तिथं आतल्या थरावरही. तुमच्या वाकळेची ती भोकं या बाबतीत उपयोगाची आहेत, आतलं बघायला खिडक्या मिळाल्या.

या तपासणीआधीच एक साफसफाई करता येते आणि ती मी सगळ्यांनाच सांगेन, वाकळ असो, दुपटं असो की जुना जाजम. कोरडी. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा दुहेरी तुकडा रबरबँडनं बांधा, ओढ अगदी कमी ठेवा, आणि तोंड कापडावर घासत न नेता उचलून ठेवत, उचलून ठेवत पुढं सरका. विरल्या जागी तेही नको. तिथं कापडावर जाळी पसरून वरून. मशीन नसेल तर रंगाचा नवा मऊ ब्रश आणि नाकाला मास्क, हे काम गॅलरीत. काठीनं झोडपायचं नाही. पन्नास वर्षांची धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. ती कापडात राहिली की हललं-दुमडलं तरी सूत कातरते, आणि ओली केली तर तिचा चिखल होतो. अर्ध्याहून अधिक जुन्या वस्तूंचं काम या कोरड्या सफाईवरच भागतं असा माझा अनुभव आहे. तुमच्या वाकळेचंही भागेल अशी मला बरीच आशा आहे.

मग धुवायचीच कशाला? नणंदबाई म्हणतात तेच बरोबर का? पूर्ण नाही. जुनं सुती कापड पिवळं पडतं तेव्हा त्यात आम्ल साठलेलं असतं. रंग पक्के असतील आणि कापडात जीव असेल तर साध्या पाण्यात नीट धुतल्यावर पाणी चहासारखं निघतं. तो चहा कापडाबाहेर गेलेला बरा. कापड मऊ पडतं, पुढं टिकतंही. म्हणजे पाणी हा जुन्या कापडाचा वैरी नाही. पण वारं देणं, ब्रश फिरवणं ही कामं अर्ध्यात थांबवता येतात, वाकळ एकदा बुडवली की थांबता येत नाही. म्हणून ते सगळ्यात शेवटी, आणि तपासणीत एकही रंग निघाला नाही तरच.

धुवायचंच ठरलं, तर दिवस निवडा. लख्ख, वाऱ्याचा, आणि सकाळी आठला सुरुवात. गच्चीवर विटांची चौकट मांडून वर स्वच्छ ताडपत्री टाका, वीतभर खोल हौद होतो. बोअरचं पाणी नको. जड पाण्यात साबण फुटत नाही, त्याचा पांढुरका साका कापडात बसतो. नळाचं पाणी आदल्या रात्री पिंपात भरून ठेवा, गाळ खाली बसेल. विरलेल्या जागांवर दोन्हीकडून मच्छरदाणीची जाळी ठेवून कडेनं मोठ्या सैल टाक्यांनी टाचून घ्या. मग वाकळ एका धडक्या चादरीवर पसरा आणि चादरीसकट हौदात सोडा. यापुढं जे उचलायचं ते चादरीला धरून, वाकळेला धरून कधीच नाही. चार माणसं लागतील. यजमानांना कामाला लावा. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतं ते सौम्य लिक्विड, दहा लिटरला एक चमचा, जास्त नाही. धुण्याच्या पावडरीत क्षार असतात, पांढरं चमकवणारी द्रव्यं असतात, ती नकोत. मात्र हळदीचा डाग असलेला कोपरा साबणाच्या पाण्यात न भिजवता हौदाच्या कडेवर बाहेर काढून ठेवा. चोळायचं नाही, घासायचं नाही, तळव्यानं नुसतं दाबायचं आणि सोडायचं. वीस मिनिटं. ताडपत्रीची एक बाजू खाली करून पाणी जाऊ द्या, पुन्हा भरा. फेस जाईपर्यंत चारदा, पाचदा. घरी आरओ असेल तर शेवटचं पाणी त्याचं घ्या.

दरम्यान कुठंही पाण्याला रंग यायला लागला तर थबकून विचार करत बसू नका. साबणाचं पाणी लगेच सोडा, भरपूर साधं पाणी घालत राहा आणि लवकरात लवकर वाळवायला घ्या. रंग एका जागी ओला बसून राहिला की शेजारच्या कापडात शिरतो.

पिळायचं नाही. मोठे टॉवेल खालीवर घालून दाबून पाणी टिपा. मग बाजेवर, सावलीत, सपाट. सुंभाची किंवा पट्ट्यांची बाज उत्तम, खालूनही वारं लागतं. टेबलफॅन लावून ठेवा, दर दोन तासांनी उलटा. संध्याकाळपर्यंत आत ओल वाटली तरी घडी नाही, रात्रभर पंखा. दोरीवर टाकलीत तर माझ्या आजीच्या वाकळेसारखं व्हायचं.

तर आता तुमच्या चौघा सल्लागारांचं. मशीनचा हँडवॉश म्हणजे हात नव्हे, ते मशीनच असतं, शेवटी ते गरगर फिरवून पिळतं. ड्रायक्लीनमध्ये पाणी नसतं हे खरं, पण ड्रमात लोळवणं असतं आणि नंतर उष्णता. विरलेल्या वस्तूला ते सोसत नाही. कडक उन्हानं कुबट वास जातो, रंगही जातो. अर्धा तास कोवळं ऊन दाखवा हवं तर.

नणंदबाईंच्या म्हणण्यावर मात्र मी जरा रेंगाळणार आहे. चौकटीची कल्पना जपण्यातून आली आहे, पण तीच वाकळेला सगळ्यात महाग पडेल. भिंतीवरच्या उजेडानं कापडाचं रोज थोडं थोडं नुकसान होतं, ते साठत जातं आणि भरून येत नाही. काच कापडाला टेकली की पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. शिवाय एवढी जड वस्तू वरच्या दोन खिळ्यांवर लोंबकळत ठेवायची म्हणजे माझी ती चिमटीच, फक्त वर्षानुवर्षं. हे त्यांना तसंच सांगा. पण मला तुमच्या पत्रात दुसरंच काही वाचल्यासारखं वाटलं. "आईच्या हातची वस्तू" असं त्या म्हणाल्या. तुम्ही "सासूबाईंची" म्हणता. पुरात त्यांच्याही माहेरचं सगळं गेलं, ताई. त्यांच्या आईचा फोटोसुद्धा त्या अल्बमांबरोबर गेला असेल. वाकळ तुमच्याकडे आहे आणि निर्णयही तुम्हीच घेताय, तर हात लावू नको म्हणण्यापलीकडे त्यांच्या हातात काय उरतं? त्यांना कशाला नाही म्हणायचंय हे धुण्याच्या पद्धतीत सापडणार नाही.

म्हणून तपासणीच्या दिवशी त्यांना बोलवा. थेंब टाकायला दोघी बसा. कुठला तुकडा कुठल्या लुगड्याचा, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार. इरकलीचा काठ ओळखतील, आईची रोजची लुगडी ओळखतील, एखादा तुकडा त्यांच्याच परकराचा निघेल. त्या सांगतील ते वहीत लिहून घ्या, जमलं तर फोटोंवर खुणा करा. आणि एखादा रंग फडक्यावर उतरलाच तर "नको घालू पाण्यात" हे त्यांचं बरोबर ठरेल, तेही त्यांच्या डोळ्यांदेखत.

तुम्ही विचारलंय, माझ्या हातून खराब झाली तर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांवर धोक्याची पातळी, आणि त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा जे गेलं ते तुमच्या हातून गेलं नाही. तरी त्याचा हिशोब तुम्ही या एका वाकळेकडून मागताय असं मला वाटतं. सासूबाईंनी ती शिवायला घेतली तेव्हा त्यांच्यापुढं फाटकी लुगडीच होती. विरलेलं कापड बघून त्यांच्या पोटात गोळा आला नसता, त्यांनी सुईत दोरा ओवला असता.

ते तुम्हीही करू शकता, फक्त त्यांच्यापेक्षा थोडं भित्रेपणानं. काळ्या तुकड्यांवर ठिगळ म्हणून जाड कापड चढवू नका, ते शेजारचं जुनं कापड ओढून फाडतं. धुतलेल्या मऊ मलमलीचा तुकडा वर ठेवून, पातळ सुईनं, भक्कम कापडापर्यंत नेऊन सैल टाके घाला. जुना दोरा काढायचा नाही, उसवलेलासुद्धा. पुढं कुणाला तुमचे टाके काढायचे झाले तर काढता यावेत. आणि बाळासाठी मलमलीची एक खोळ शिवा, उशीच्या अभ्र्यासारखी, वाकळेच्या मापाची. वाकळ आत. बाळाच्या अंगाला खोळ लागेल, दुधाची गुळणी खोळीवर पडेल, आणि धुवायची वेळ येईल ती खोळ.

बारशाला "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" होऊन कानात नाव सांगून झालं की फोटोपुरतं बाळाला तिच्यावर ठेवा, तुम्ही शेजारी बसून. रात्री झोपवायला नको. पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागी मऊ, जाड काही असू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. नाकातोंडावर आलं तर त्याला ते बाजूला सारता येत नाही.

कुंचीचं थोडक्यात. तिला पाणी नाही, अजिबात. खरी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. काळवंडते ती चांदी. चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांनी घासून ती चमकते, कारण वरचा मुलामा निघून गेलेला असतो. मऊ ब्रशनं धूळ काढा, बस्स. कसर दिसली तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाही तर थंड कापडावर दंव धरतं. बाळाच्या डोक्यावर क्षणभरही घालू नका, डांबरगोळ्या तिलाही लागल्यात आणि जुने मणी सुटून तोंडात जायला वेळ लागत नाही. तीच मापं घेऊन नवी कुंची शिवून घ्या, खण सांगलीत मिळतो. आणि वाचकांपैकी कुणाकडे जुनी पैठणी, शालू असं मोलाचं काही असेल तर घरी प्रयोग करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंच्या जतनाचं स्वतंत्र केंद्र आहे, तिथं विचारता येतं. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा तर १९७६ पासून हेच काम करते.

ठेवायचं कुठं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ट्रंकेत परत नको. मांजरपाट दोनदा धुऊन त्याची खळ काढा, खळीला कसर लागते. त्यात वाकळ घडीऐवजी गुंडाळी करून ठेवा. जागा नसेल तर घडीच्या प्रत्येक मोडीत जुन्या पंच्याची वळकटी घाला आणि दिवाळीला नि गुढीपाडव्याला मोड बदला. वर्तमानपत्र नको, त्यातलं आम्ल कापडात उतरतं. प्लास्टिकची पिशवीही नको. पुराच्या धास्तीनं तुम्ही माळा निवडलात हे कळतं, पण पत्र्याखालचा उन्हाळा वाकळेला झेपत नाही. वरच्या मजल्यावरचं, आतल्या भिंतीचं लाकडी कपाट, मधला कप्पा. वेखंडाची पुरचुंडी ठेवायची तर कपाटाच्या कोपऱ्यात, कापडाला न टेकवता.

ट्रंक रिकामी झाली की गच्चीवर उघडी टाका. वास जायला तिलाही महिना लागेल. नणंदबाईंना फोन रविवारी करा, त्या दिवशी त्यांना निवांत असतं असं तुम्हीच लिहिलंय.